अक्कांचा वर केलेला हात

कमलअक्कांशी माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांच्याकडे चहा मागितला तेव्हा. 'मागितला' हा शब्दही आज वयानं थोडं शहाणपण आल्यामुळे वापरते आहे. खरं म्हणजे मी हुकूम सोडला होता, "एक कट, साखर कमी!"

मी तेव्हा पंधरा वर्षांची. धुळ्याहून जळगावला स्पर्धेसाठी आले होते. आमच्या जिल्ह्यात एकेरीत मला कोणी हरवत नसे, त्यामुळे डोकं जरा ठिकाणावर नव्हतं. कोर्टाला लागून चहाची टपरी होती. तिथे एक उंच, सावळी मुलगी स्टोव्हवरच्या किटलीच्या तोंडाशी हातातलं काहीतरी धरून उभी होती. किटलीपाशी उभी म्हणजे चहावाली, असं मी धरून चालले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, हातातलं बाजूला ठेवलं, चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. तासाभरानं मी कोर्टवर उतरले तर जाळ्याच्या पलीकडे तीच! पुढे जे झालं त्याला सामना म्हणणं म्हणजे माझी तारीफ होईल. मी चारी कोपऱ्यांत धावत होते आणि ती मधे उभी होती. खेळ संपल्यावर हात मिळवताना तिनं अगदी मनापासून विचारलं, "चहा जमला होता का गं? साखर कमीच घातली होती."

त्या कमल नामदेव तायडे. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि देशाच्या संघातून दुहेरी खेळून आल्या होत्या. त्यांचा फोटो वर्तमानपत्रात येऊन गेला होता. एक मी सोडून बठ्ठ्या खान्देशानं तो पाहिला होता.

त्याच कमलअक्कांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीनं मला 'जोडीदार' या नात्यानं लिहायला सांगितलं. सात वर्षं मी कोर्टवर अक्कांच्या शेजारी उभी राहिले, त्यामुळे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते लिहिताना माझी मान ताठ होते. पण मला याच पानांत आणखी एक काम करायचं आहे. या ग्रंथात अक्कांचा जीवनपट छापायचा आहे. त्याचं कच्चं मुद्रित समितीनं माझ्याकडे तपासायला पाठवलं, आणि त्यात एक वाक्य चुकीचं निघालं. ते चुकीचं आहे हे आज जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, एक अक्का आणि दुसरी मी. अक्का ते कधीच दुरुस्त करणार नाहीत. म्हणून मला करायला हवं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. पण क्रमानं सांगते. नाहीतर अक्का म्हणतील, "शैलीनं पहिल्याच फटक्याला स्मॅश मारला." शैली म्हणजे मी.

आधी त्या किटलीचं. बॅडमिंटनच्या शटलला आमच्याकडे फूल म्हणतात. हे फूल पिसांचं. आमच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की नवं कोरं फूल चार फटक्यांत पिसं टाकायला लागतं. म्हणून अक्का खेळण्याआधी एकेक फूल वाफेवर धरत, मग डब्यात भरून डब्याला ओलं फडकं गुंडाळत आणि तो डबा माठाला टेकवून ठेवत. "पिसांना आधी पाणी पाजायचं, मग मारायचं," असं त्यांनी मला त्या दिवशी समजावलं, म्हणजे माझा धुव्वा उडवल्यानंतर अर्ध्या तासात. प्रतिस्पर्ध्याला स्वतःची युक्ती शिकवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. धुळ्याला परत जाताना मी बसमध्ये रडले नाही, एवढ्या एका कारणामुळे.

अक्कांचे वडील नामदेवनाना मूळचे पहूरचे. जळगावच्या एका क्लबात ते मैदानाची देखभाल करत. तेव्हाची कोर्टं मातीची, उघड्यावरची. वारा उठायच्या आत खेळ आटोपायला लागे. नाना पहाटे कोर्ट झाडत, पाणी मारत आणि चुन्यानं रेघा आखत. घरी बुद्धवंदना झाली की अक्का त्यांच्या मागोमाग जात. रेघा आखून झाल्यापासून सभासद येईपर्यंत जेमतेम अर्धा तास मोकळा मिळे, तेवढ्यात बापलेक खेळत. नानांची अट एकच होती, आखलेली रेघ पुसायची नाही. सभासद आले आणि रेघ फिसकटलेली दिसली तर बोलणी नानांना बसत. त्यामुळे अक्कांचं पाऊल लहानपणापासून रेघेच्या अलीकडे पडे किंवा पलीकडे, रेघेवर कधी नाही. पुढे मोठमोठे प्रशिक्षक त्यांच्या पायांच्या हालचालींबद्दल विचारत, कुठे शिकलात म्हणून. अक्का सांगत, "वडिलांच्या नोकरीत." आता जळगावात लाकडी जमिनीचा हॉल आहे आणि रेघा रंगानं ओढलेल्या आहेत, त्या पुसल्या जायचा प्रश्नच नाही. तरी अक्का हॉलमध्ये शिरल्या की अजून पाय उचलून रेघ ओलांडतात. नव्या मुलींना वाटतं गुडघ्याच्या दुखण्यामुळे.

देशाच्या संघात अक्कांना पहिली जोडीदार मिळाली ती दक्षिणेतली. तिला मराठी येत नव्हतं, अक्कांना तिची भाषा येत नव्हती आणि अक्कांची हिंदी जळगाव बाजारपेठेतली. सुरुवातीला दोघी हरल्या की एकमेकींकडे डोळे वटारून बघत. मग अक्कांनी एक रीत पाडली. गुण गेला की चूक कोणाचीही असो, आपण हात वर करायचा. माझं चुकलं, तू पुढचं खेळ, एवढाच त्याचा अर्थ. काही दिवसांनी ती मुलगीही हात वर करायला लागली. मी एकदा विचारलं, "अक्का, दुसऱ्याच्या चुकीला आपण कशाला हात वर करायचा?" तर म्हणाल्या, "अगं, चूक शोधत बसलं की पुढचं फूल डोक्यावरून जातं. कोणीतरी पटकन घेऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं."

त्या एका रीतीवर ही जोडी देशोदेशी खेळली. मलेशियात त्यांनी तिथल्या घरच्या जोडीला तिच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं. तेव्हा दुहेरीला कोण विचारत होतं! एकेरीवाल्यांचा फोटो छापून यायचा आणि दुहेरीवाल्यांची बहुतेक वेळा एक ओळ, तीही जागा उरली तर. पण त्या विजयानंतर अक्का जळगाव स्टेशनवर उतरल्या तेव्हा फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. कोणी केळीचा घड आणला होता, कोणी शेवेची पाकिटं. नाना मात्र आले नव्हते. ते कोर्टावर पाणी मारत होते, कारण अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी खेळायला येणार हे त्यांना माहीत होतं.

पुढे ती जोडीदार लग्न होऊन परदेशी गेली. सगळ्यांना वाटलं, आता अक्का पुण्यामुंबईची एखादी तयार खेळाडू घेतील. आणि एका रविवारी अक्का धुळ्याला आमच्या दारात उभ्या! मी सतरा वर्षांची. माझे वडील, आबा, ओट्यावर कपाशीचं बियाणं निवडत बसले होते. अक्का त्यांना म्हणाल्या, "आबा, तुमच्या मुलीचे पाय चांगले आहेत, पण तोंड बंद आहे. तोंड मी उघडते. माझ्यासोबत खेळू द्या तिला."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि अहिराणीत म्हणाले, "तोंड बंद? हिनं? घरमा तं बठ्ठा दिन चालू ऱ्हास!"

पण अक्कांचं बरोबर होतं. घरी मी तोंडाळ, कोर्टवर मुकी. दुहेरीत दोघी शेजारीशेजारी उभ्या असताना फूल बरोबर मधोमध आलं तर ते डावीकडच्या खेळाडूनं घ्यायचं असतं, कारण तिचा उजवा हात मधे येतो. डावीकडे मी असे. म्हणजे मधलं फूल माझं. ते घेताना मोठ्यानं "माझं!" म्हणून ओरडायचं, म्हणजे दोघींच्या रॅकेटी आपटत नाहीत. माझ्या तोंडून आवाजच निघेना. आमच्या घरी मोठ्यांच्या आधी ताटातल्या भाकरीला हात लावायची पद्धत नाही, आणि इथे तर देशासाठी खेळलेल्या बाईला बाजूला सारून "माझं" म्हणायचं! मी थांबायची, अक्का थांबायच्या आणि फूल आमच्या दोघींच्या मधे येऊन टपकन पडायचं. अक्का हात वर करायच्या.

मी सरावासाठी तेव्हा जळगावलाच राहत होते. शेवटी त्यांनी मला सकाळी सहाला मेहरूणच्या तलावावर नेलं. काठावर उभं केलं आणि सांगितलं, "पाण्याकडे तोंड कर आणि ओरड, माझं!" पहिले चार दिवस माझ्या तोंडून कोंबडीचं पिल्लू बोलावं तसा आवाज आला. फिरायला आलेले लोक वळूनवळून बघत. एक आजोबा काळजीनं थांबले. म्हणाले, "काय हरवलं, बाई?"

"आवाज हरवलाय हिचा, बाबा," अक्का म्हणाल्या. "सापडेल दोन दिवसांत."

सापडायला महिना लागला. पण नंतर मी असं ओरडायला लागले की समोरच्या जोडीचं फूल हातातून पडावं. ती सात वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. अक्का सरकारी कार्यालयात कारकून होत्या. सकाळी सराव, दिवसभर फायली, संध्याकाळी परत सराव. कधी थकल्या म्हणून सुट्टी घेतली असं झालं नाही. मला ताप आला तर मात्र मला घरी पाठवून स्वतः भिंतीशी खेळत.

माझं लग्न होऊन मी पारोळ्याला गेले, तेव्हा तर सगळं संपल्यात जमा होतं. सासूबाईंचं म्हणणं, सुनेनं अर्ध्या चड्डीत धावायचं हे आमच्यात बसत नाही. मी अक्कांना तसं कळवलं आणि रॅकेट माळ्यावर टाकली. आठव्या दिवशी अक्का पारोळ्याला आल्या. खेळाचं नावही काढलं नाही. सासूबाईंच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागून घेऊन जेवल्या. जेवण झाल्यावर अंगणात येऊन म्हणाल्या, "काकू, जरा पाय मोकळे करू या," आणि रॅकेट सासूबाईंच्या हातात दिली! सासूबाईंनी पदर खोचला. पहिली दोन फुलं हुकली, तिसरं लागलं. मग बाई ऐकायलाच तयार नाहीत. पंधरा मिनिटं खेळल्या, घामाघूम झाल्या, शेजारणी कुंपणाशी जमल्या. दमून बसताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढंच करते होय ही? मग जाऊ दे की. पायजमा घाल म्हणावं." तेव्हापासून मी पायजम्यात सराव करायला जळगावला जाऊ लागले. सासूबाई आता नाहीत, पण शेवटपर्यंत त्या अक्कांना 'माझी जोडीदार' म्हणत.

आता त्या वाक्याकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

मी चोवीस वर्षांची होते आणि अक्का तिशीच्या. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी देशाचा संघ निवडायचा होता. अशी संधी अक्कांना पुन्हा येणार नव्हती, हे आम्हां दोघींना ठाऊक होतं. निवड चाचणी दुसऱ्या राज्यात होती. आबा माझ्यासोबत आले होते. आम्ही एकामागून एक जोड्या हरवत शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. तो सामना फार अटीतटीचा झाला. शेवटी समोरच्या जोडीला जिंकायला एकच गुण हवा होता आणि सर्व्हिस त्यांची होती, अक्कांना.

अक्कांनी सर्व्हिस परतवली. समोरच्यांनी फूल मागे माझ्याकडे ढकललं. मी घाबरून फूल उंच उचलून दिलं. मग आम्ही दोघी शेजारीशेजारी आलो, मी डावीकडे. आणि समोरच्या मुलीनं जोर न लावता फूल अलगद मधोमध टाकलं.

ते फूल माझं होतं. मेहरूणच्या पाण्याला महिनाभर ऐकवलेला शब्द तोंडापर्यंत आला होता. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं, अक्का आहेत. बस, एवढंच. अक्का आहेत की, त्या घेतील. मी थांबले. अक्का थांबल्या होत्याच, कारण नेमानुसार ते माझं होतं. फूल आमच्या मधे पडलं. मी खाली बघत राहिले आणि अक्कांनी हात वर केला.

निवड समितीची मंडळी लांब, पलीकडच्या टोकाला बसली होती. त्यांना दोन थांबलेल्या बाया दिसल्या आणि एकीचा वर गेलेला हात दिसला. दुसऱ्या दिवशी यादी लागली. तीत माझं नाव होतं, दुसऱ्या एका मुलीसोबत. अक्कांचं नाव नव्हतं. समितीतल्या एका सरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "तायडेंची नजर आता मंदावली. हात वर करून तिनं स्वतःच कबूल केलं. तू लहान आहेस, तुझं पुढे भलं होईल."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला त्या वेळीही माहीत होतं. मी म्हटलं, "थँक्यू, सर."

परतीच्या गाडीत अक्का समोरच बसल्या होत्या. एका स्टेशनवर पाणी भरायला त्या खाली उतरल्या, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "पोरी, ते फूल तुनं व्हतं. मी देखं. मंग तिनी हात कसाले वर कया?"

"गप बसा, आबा," मी म्हटलं.

आबा गप्प बसले. पुढे बारा वर्षं जगले, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्या परदेशाच्या फोटोची चौकट करून घरात लावू या, असं आई म्हणाली तेव्हा ते उठून शेतावर गेले. त्या दिवशी गाडीत अक्का पाणी घेऊन आल्या त्या आबांसाठी चहाही घेऊन. दोन घोट पिऊन आबांनी कप माझ्या हातात दिला. तो चहा मला पिववला नाही.

स्पर्धेला मी गेले. पहिल्याच सामन्यात मधोमध फूल आलं आणि मी "माझं!" म्हणून अशी ओरडले की माझी नवी जोडीदार दचकून बाजूला झाली. त्या सामन्यात एकही मधलं फूल मी सोडलं नाही. तो जिंकलो, पुढचा हरलो आणि मी परत आले. जळगाव स्टेशनवर या वेळी गर्दी नव्हती. फलाटावर एकट्या अक्का होत्या, कार्यालयातून तशाच आलेल्या. हरलीस का, किती गुणांनी, काही नाही. विचारलं एवढंच, "मधलं कोण घेत होतं?"

"मी," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाल्या आणि माझी बॅग उचलून चालायला लागल्या.

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले. पुढे वर्षं जात राहिली तसतसं ते आणखी अवघड झालं. मला नोकरी लागताना अर्जावर 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' लिहिता आलं. पारोळ्याच्या शाळेत मुली मला त्याच नावानं ओळखतात. अक्का पुन्हा देशासाठी खेळल्या नाहीत.

पण त्या थांबल्या नाहीत. इथून पुढचं मी न अडखळता लिहिते. यादी लागली त्याच महिन्यात त्यांनी नानांनी आखलेल्या कोर्टावर सहा मुली गोळा केल्या. केळीच्या बागांत काम करणाऱ्यांच्या, पोलीस लाइनीतल्या, मास्तरांच्या. आज खान्देशातली दुहेरी खेळणारी कुठलीही मुलगी घ्या, ती अक्कांच्या हाताखालून गेलेली असते, नाहीतर त्यांच्या शिष्येच्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी देशाकडून खेळून आल्या. हॉल व्हावा म्हणून अक्कांनी अर्ज घेऊन इतके खेटे घातले की एका साहेबांनी म्हणे खिडकीतून त्यांना येताना बघूनच सही केली. कोणाची रॅकेट तुटली, कोणाचा बाप ऐकत नाही, कोणाला परीक्षेत बसू देत नाहीत, की जळगावात एकच वाक्य ऐकू येतं, "अक्का आहेत ना." ते वाक्य ऐकलं की मला अभिमानही वाटतो आणि आत कुठेतरी टोचतंही. त्याच वाक्यावर भिस्त ठेवून मी एकदा थांबले होते.

तर मुद्रितातलं ते वाक्य असं आहे : 'निवड चाचणीच्या अखेरच्या गुणाला मधले फूल तायडे यांच्याकडून सुटले व त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली.' लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्यानं जुनी कात्रणं बघूनच लिहिलं. मी तपासायची पेन्सिल हातात घेतली आणि तशीच बसून राहिले. नुसतं खोडलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, आणि मी पुन्हा एकदा सुटले असते. म्हणून गेल्या महिन्यात मी मेहरूणला अक्कांच्या घरी गेले.

आधी हॉलवर डोकावले. अक्का खुर्चीत बसून शिकवत होत्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना तसंच बसावं लागतं. कोर्टवर दहाबारा वर्षांच्या दोन मुली शेजारीशेजारी उभ्या होत्या. फूल मधोमध आलं, दोघी थांबल्या, फूल पडलं. आणि दोघींनी एकदमच हात वर केला. मग एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या आणि पुढच्या फुलाला उभ्या राहिल्या. अक्का मला म्हणाल्या, "बघ, चुकीसाठी भांडतायत." मी कशासाठी आले होते ते जवळजवळ विसरले.

घरी आल्यावर त्यांनी ओट्यावर किटली ठेवली. आता विजेची आहे. वाफ धरली तशी एकेक फूल तिच्यावर फिरवायला लागल्या. मी मुद्रित पुढे ठेवलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं.

"अक्का, हे खोटं आहे. ते फूल माझं होतं."

"माहीत आहे की," त्या म्हणाल्या. "मीही कोर्टवरच होते."

"मग मी तसं लिहिणार आहे. तुमच्याच ग्रंथात."

"कशाला गं? तीस वर्षं झाली. तुझ्या शाळेतल्या मुली वाचतील. आता कोणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. चोपन्न वर्षांची बाई, मुख्याध्यापिका, स्वयंपाकघरात उभी राहून हमसून रडले. "आबांनी विचारलं तेव्हा मी त्यांनाही गप्प केलं, अक्का. तुमची शेवटची संधी होती ती. मी तोंड उघडलं नाही."

अक्कांनी किटली बंद केली. मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाईट मला वाटलं होतं, नाही असं नाही. नानांना ती यादी वाचून दाखवताना फार वाटलं. पण तू स्टेशनवर उतरलीस आणि मधलं मी घेत होते म्हणालीस ना, तेव्हा गेलं ते. मी तुला तेच शिकवायला आणलं होतं." आणि पुढे म्हणाल्या, "तुला लिहायचंच असेल तर लिही. पण मग अर्धवट लिहू नकोस. त्याच्या आधी सर्व्हिस परतवताना माझं फूल उंच गेलं होतं. तिथूनच सगळं बिघडलं. तेही लिही."

मी डोळे पुसले आणि रागावले. "काय बोलता, अक्का! उंच कुठे गेलं होतं? मी मागेच उभी होते!"

"गेलं होतं. तुला आठवत नाही."

"मला रोज आठवतंय!"

आम्ही अर्धा तास भांडलो. सात वर्षांच्या जोडीत कधी भांडलो नव्हतो तेवढं. आणि बोलताबोलता मी पाहिलं, फूल धरलेला अक्कांचा उजवा हात वर गेलेला होता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मग त्यांनी चहा केला. साखर कमी घालू का, हे विचारलं नाही, कमीच घातली.

तेव्हा समितीला माझी जाहीर विनंती आहे. ते वाक्य असं छापावं : 'निवड चाचणीच्या अखेरच्या गुणाला मधले फूल तायडे यांच्या जोडीदाराने सोडले, आणि त्याचा बोल तायडे यांनी स्वतःवर घेतला.' अक्कांचं म्हणणं मी वर जसंच्या तसं दिलं आहे. ते साफ खोटं आहे. त्यांनी परतवलेलं फूल जाळ्याला जवळजवळ चाटून गेलं होतं. उंच उचललं ते मी, आणि सोडलं तेही मीच.

अक्का, तुमच्या गुडघ्याला आराम पडो. तुम्ही खुर्चीतून उठून पुन्हा कोर्टवर उभ्या राहा आणि आमच्या नातींच्या नातींना मेहरूणच्या काठावर ओरडायला लावा. शंभरी गाठा, आणि त्या दिवशीही किटलीपाशीच उभ्या दिसा. तुम्ही शिकवलेला शब्द मी एकदाच गिळला होता. आज सगळ्या खान्देशासमोर तो मोठ्यानं ओरडते आहे : माझं! आता तुम्ही हात खाली घ्या, अक्का. मी वर केला आहे.